चाळीस दिवसांचें बेट

व्हेनिस शहर पाहून आलेल्या मनुष्यास घरीं परतल्यावर कोणते प्रश्न विचारले जातात, हें ठरून गेलेलें आहे. त्या लांबट काळ्या नावेंत बसलांत कां, सेंट मार्कचा चौक पाहिलांत कां, आणि तेथें घरांच्या दारांशीं पाणी असतें हें खरें कां, हे ते प्रश्न होत. आमच्या घरींही तेंच झालें, आणि तिन्ही प्रश्नांस आम्हीं 'होय' असें उत्तर दिलें. परंतु ज्या स्थळानें आमच्या मनांत घर केलें त्याविषयीं कोणींच विचारलें नाहीं; म्हणून त्याची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे. तें स्थळ म्हणजे व्हेनिसच्या खाडींतील एक लहानसें बेट. त्याचें नांव लाझारेत्तो नुओव्हो, म्हणजे 'नवें लाझारेत्तो'.

आमचा भाचा पादुआ येथें शिकावयास गेला, तो आतां तेथेंच नोकरीस आहे. गेल्या उन्हाळ्यांत त्याच्याकडे गेलों असतां एका रविवारीं त्यानेंच आम्हांस तेथें नेलें. व्हेनिसच्या उत्तरेकडील धक्क्यावरून तेरा क्रमांकाची बोट निघते. कांचकामासाठीं प्रसिद्ध असलेलें मुरानो मागें टाकून ती भाजीच्या मळ्यांच्या सांत एराझ्मो बेटाकडे जाते. वाटेंत उथळ, हिरवट पाणी आणि त्यांत जलमार्ग दाखविणारे लांकडी खांब. आपल्या बेटाशीं उतरावयाचें असल्यास तसें आधीं सांगावें लागतें, नाहीं तर बोट थांबत नाहीं. त्या दिवशीं उतरणारे आम्ही धरून नऊ-दहा जण होतों.

भिंतीनें वेढलेल्या या बेटावर 'तेझोन ग्रांदे' नांवाची एक प्रचंड वखार आहे. तिची लांबी शंभर मीटरांहून अधिक भरते. पूर्वेकडून आलेल्या जहाजांतील कापूस, लोकर, कापड वगैरे माल येथें उतरवून वाऱ्यावर पसरीत आणि सुवासिक वनस्पतींची धुरी देत. माल धुरींत व माणसें खोल्यांत, असे सर्वजण दिवस मोजीत राहत. वखारीच्या भिंतींवर त्या लोकांनीं तांबड्या रंगानें लिहिलेले लेख अद्याप दिसतात. कोणीं आपलें नांव लिहिलें आहे, कोणीं आपण कोठून आलों तें, कोणीं नुसतेंच चित्र काढलें आहे. बसून बसून कंटाळलेला मनुष्य भिंतीवर काय करितो, हें आपल्याकडील धर्मशाळा पाहिलेल्यांस सांगावयास नको.

व्हेनिसनें रोग्यांसाठीं पहिलें लाझारेत्तो १४२३ सालीं दुसऱ्या एका बेटावर उघडलें. १४६८ सालीं हें दुसरें उघडलें, तें रोग्यांकरितां नसून ज्यांच्याविषयीं नुसता संशय आहे अशांकरितां. मुदत सामान्यतः चाळीस दिवसांची. इटालियन भाषेंत चाळीसला 'क्वारांता' म्हणतात. त्यावरूनच आपणां सर्वांच्या तोंडीं बसलेला 'क्वारंटाइन' हा शब्द निघाला. एवढा बंदोबस्त असूनही १५७५ ते १५७७ या वर्षांतील प्लेगनें शहरांतील सुमारें चौथा हिस्सा माणसें नेलीं. त्या संकटांतून सुटका झाल्याबद्दल बांधलेल्या 'रेदेन्तोरे' देवालयाचा उत्सव आजही जुलैच्या तिसऱ्या रविवारीं होतो.

त्या वखारींत उभें असतां आम्हांस आपल्या घरांतील सुतकाची आठवण झाली. सुतक असतें तितके दिवस मनुष्य बाजूस राहतो. त्याला कोणी पापी म्हणत नाहीं. आणि मुदत भरतांच तो पुन्हां पंक्तीस बसतो. व्हेनिसचे चाळीस दिवस याच जातीचे होते. परक्या खलाशाप्रमाणें शहराच्या स्वतःच्या व्यापाऱ्यासही ते चुकत नसत, आणि एक्केचाळिसाव्या दिवशीं दार उघडत असे. अर्थात् आमच्याच अंगणाबाहेर कित्येकांना पिढ्यान्‌पिढ्या उभें ठेवण्यांत आलें व त्यांचे दिवस कधींच मोजले गेले नाहींत, हेंही येथें लपवून चालणार नाहीं. बंदोबस्त आणि दूषण यांतील भेद हाच. बंदोबस्ताला शेवटचा दिवस असतो, दूषणाला तो नसतो.

आपला देश या दूषणाचा धनी कसा झाला, याची एक गोष्ट याच व्हेनिस शहराशीं निगडित आहे. १८९७ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत येथें एक आंतरराष्ट्रीय आरोग्य-परिषद भरली होती. विषय एकच, प्लेग. आणि सर्वांच्या डोळ्यांपुढें शहर एकच, मुंबई. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं तो रोग ओळखला, आणि युरोपांतील बंदरांस धास्ती पडली. पटकीला 'एशियाटिक कॉलरा' म्हणण्याची वहिवाट तिकडे आधींपासून होतीच. प्लेग कांहीं मुंबईंत जन्मलेला नव्हता. १८९४ सालीं तो हाँगकाँग येथें होता आणि येर्सें यांनीं त्याचा जंतू तेथेंच शोधून काढला होता. परिषदेंत हिंदुस्थानच्या वतीनें बोलण्याचा अधिकार इंग्रज सरकारच्या प्रतिनिधींस होता. जहाजांची तपासणी, रोगाची वर्दी देण्याचें बंधन, आणि वापरलेले कपडे, अंथरुणें-पांघरुणें, चिंध्या यांविषयींचे निर्बंध, असा करार तेथें झाला. त्याच वर्षीं मुंबई व कराचीहून निघणारी हजची यात्राही सरकारनें थांबविली.

यांतील पुष्कळसें त्या काळच्या ज्ञानास धरूनच होतें. तथापि खरा चोर कोण, हें त्या परिषदेंत कोणासच ठाऊक नव्हतें. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ यांनीं पुढल्या वर्षीं कराचींत दाखवून दिलें. म्हणजे चिंध्या आरोपीच्या पिंजऱ्यांत उभ्या होत्या, आणि उंदीर खुशाल जहाजांत चढत होते! ज्या मुंबईच्या नांवानें जग बोटें मोडीत होतें, त्याच मुंबईंत हाफकिनसाहेबांनीं १८९७ च्या जानेवारींत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. आणि परिषद चालू असतांनाच, १० मार्च रोजीं, सावित्रीबाई फुले पुण्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. दूषण देणाऱ्यांच्या वहींत असल्या गोष्टींसाठीं रकाना नसतो.

रँडसाहेबाच्या अमदानींत पुण्यांत घरोघर ज्या झडत्या झाल्या, त्यांची हकीकत प्रत्येक मराठी घरास माहीत आहे. आमच्या पणजीबाई मात्र ती सांगतांना दुसऱ्याच एका गोष्टीपाशीं थांबत. पुणें सोडून त्या साताऱ्याकडे माहेरीं गेल्या, तेव्हां सख्ख्या चुलत्यांनीं त्यांना ओसरीवरच थांबविलें. "थांबवलें त्याचें कांहीं नाहीं रे," असें त्या म्हणत, "मुलाबाळांचें घर. पण दहा दिवस गेले, पंधरा गेले, अंगावर गांठ नाहीं कीं ताप नाहीं, तरी मला कोणी नांवानें हाक मारीना. पुण्याची उठली, पुण्याची जेवली, असंच म्हणत." आम्ही तेव्हां लहान होतों. एवढ्याशा गोष्टीसाठीं पणजीबाईंच्या डोळ्यांस पाणी कां येतें, हें आम्हांस उमगत नसे.

पुढें काळाचें रहाटगाडगें फिरलें आणि १८९७ सालीं जेथें न्यायनिवाडा झाला तीच भूमि २०२० सालीं आरोपी ठरली. चीनमधील वुहान शहरांत दिसलेली नवी सांथ युरोपांत प्रथम इटलीच्या उत्तर भागांत भडकली. २३ फेब्रुवारी २०२० रोजीं व्हेनिसचा प्रसिद्ध कार्निव्हल दोन दिवस आधींच बंद करावा लागला. त्याच रात्रीं व्हेनिसहून म्युनिककडे निघालेली आगगाडी ऑस्ट्रियानें ब्रेनरच्या घाटांत कित्येक तास अडवून धरली. दोन उतारूंना ताप असल्याचा संशय होता. तपासणींत त्यांना हा रोग नसल्याचें निघालें. परंतु जे स्वतः अडविले गेले त्यांचें मन त्यामुळें मऊ झालें, असेंही नाहीं. त्याच आठवड्यांत या प्रांताच्या प्रमुखानें चिनी लोकांच्या आहाराविषयीं जाहीरपणें अनुचित उद्गार काढले व मागाहून क्षमा मागितली. एखाद्या सरकारनें रोगाची वर्दी दडविली असें वाटल्यास त्या सरकारास अवश्य जाब विचारावा. पण मिलानमध्यें वीस वर्षें खानावळ चालविणाऱ्या चिनी गृहस्थानें तो जाब कोठून द्यावा?

पुढल्या वर्षीं पाळी आपली आली. २०२१ च्या एप्रिलांत इटलीनें हिंदुस्थानांतून येणाऱ्यांस मज्जाव केला, आणि तेथील वृत्तपत्रांतून 'हिंदी विषाणू' हे शब्द झळकूं लागले. आमचा भाचा त्या वेळीं दीड वर्ष घरीं आलेला नव्हता. तरी दुकानांतील रांगेंत त्याच्या मागचा मनुष्य चार पावलें मागें सरला आणि आपल्या मुलालाही त्यानें ओढून घेतलें. "मज्जाव केला याचें मला वाईट वाटलें नाहीं, मामा," भाचा त्या वखारीच्या दारांत उभा राहून सांगत होता, "पण माझ्यापाशीं काय आहे हें मला कोणी विचारलेंच नाहीं." त्या वर्षीं ३१ मे रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें या नव्या प्रकारांना ग्रीक अक्षरांचीं नांवें दिलीं, आणि तो 'हिंदी' विषाणू 'डेल्टा' झाला. रोगांना देशांचीं वा गांवांचीं नांवें देऊं नयेत, असें याच संस्थेनें २०१५ सालींच सुचविलें होतें.

नांवाचा हा खेळ जुनाच आहे. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाला 'स्पॅनिश' म्हणण्याचें मुख्य कारण हेंच कीं, महायुद्धांत तटस्थ असलेल्या स्पेनमधील वृत्तपत्रें सांथीच्या बातम्या मोकळेपणानें छापीत होतीं, व लढणाऱ्या राष्ट्रांतील वृत्तपत्रांच्या तोंडास कुलूप होतें. खरें बोलणाऱ्याच्या गळ्यांत रोग अडकला! स्पेनमधील लोकही कांहीं कमी नव्हते. तेथें एका लोकप्रिय गाण्यावरून त्याच रोगाला 'नेपल्सचा शिपाई' म्हणूं लागले. आपल्या भावप्रकाशांतही एका लज्जास्पद व्याधीस 'फिरंग रोग' असें नांव आहे, तेव्हां आम्हांसही सोवळेपणा मिरवितां येणार नाहीं. मात्र १९१८ च्या त्याच सांथीला आपल्या खेडोपाडींच्या लोकांनीं 'मानमोडी' म्हटलें. मान मोडून येते, म्हणून मानमोडी. त्यांत कोणाचा देश नाहीं, जात नाहीं.

दूषणानें केवळ मनें दुखावतात असेंही नव्हे. १९९४ सालीं सुरतेस प्लेग दिसला, तेव्हां कित्येक देशांनीं हिंदुस्थानचीं विमानें बंद केलीं. व्यापाराचें नुकसान रोगाच्या मानानें कितीतरी पटींनीं झालें. २०२१ च्या नोव्हेंबरांत दक्षिण आफ्रिकेंतील शास्त्रज्ञांनीं 'ओमिक्रॉन'ची वर्दी तत्परतेनें जगास दिली, आणि दोन-तीन दिवसांच्या आंत त्याच देशाचीं विमानें बंद झालीं. वर्दी देणाऱ्याच्याच तोंडावर दार लोटलें गेलें, तर पुढल्या खेपेस वर्दी कोण देईल? शेजारी निंदतील या भयानें घरांतला ताप झांकून ठेवणारें कुटुंब आणि असलें राष्ट्र यांत अंतर फारसें उरत नाहीं.

परतीच्या बोटीची वाट पाहत आम्ही धक्क्यावर बसलों होतों. तेव्हां भाच्यानें सहज विचारलें, "मामा, आपल्या माडीवर तो मणिपूरचा मुलगा राहत असे, तो हल्लीं कुठें असतो?"

आम्हांस उत्तर सुचेना. मार्च २०२० मध्यें तो मुलगा आमच्या पुण्याच्या घरीं माडीवरच्या खोलींत राहत होता. वर्षभर तो आपल्या गांवीं गेलेला नव्हता. आमच्या मातोश्रींचीं औषधें तोच आणून देई. सांथीच्या बातम्या येऊं लागल्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून आळींत कुजबूज सुरू झाली. आम्हीं त्याला घालवून दिलें नाहीं, एवढेंच म्हणतां येईल. मागच्या जिन्यानें ये-जा कर, नळावर सकाळीं येऊं नकोस, असें सांगितलें; आणि आठवड्यानें, कांहीं दिवस घरीं जाऊन आलास तर बरें, असेंही सांगितलें. टाळेबंदी होण्यापूर्वीं चार दिवस तो गेला. त्या आठवड्यांत घरांत त्याचा उल्लेख 'तो माडीवरचा' असा होत असे. पणजीबाईंची तक्रार आम्हांस तोंडपाठ होती, आणि तरीही आम्हीं त्याला एकदांही नांवानें हाक मारली नाहीं.

पुण्यास परतल्यावर आम्हीं त्याचा पत्ता लावून त्याला दूरध्वनि केला. तो आतां बंगळूर येथें नोकरी करितो. आमचा आवाज ओळखून त्यानें प्रथम विचारलें, "आजी बऱ्या आहेत ना? त्यांचे गुडघे काय म्हणतात?" आमची क्षमायाचना तुटक शब्दांत झाली. "जाऊं द्या काका," तो म्हणाला, आणि थोडा वेळ दोन्हीकडे कोणीच बोललें नाहीं. मग मातोश्रींनीं यंत्र हातीं घेतलें, त्याला नांवानें हाक मारली, आणि दिवाळीस येण्याचें निक्षून सांगितलें.

सांथी येतच राहणार; जाणते वैद्यही तसेंच सांगतात. ती येईल तेव्हां दारास कडी अवश्य घालावी. परंतु बाहेर जो उभा आहे त्याचें नांव विचारावें, त्याचे दिवस मोजावेत, आणि ते भरतांच उठून आपल्या हातानें कडी काढावी.