टर्की आणि पहिला गुरुवार

पिशोरच्या आसपास कुणाकडे बारसं असो की कंदुरी, मटणाच्या पातेल्याशी मला बोलावतात. पन्नास माणसांच्या रश्श्याला मीठ मी मुठीनं टाकतो, चमच्यानं नाही. ही बढाई आधीच मारून घेतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच घडलं.

२०२२च्या नोव्हेंबरात चुलत भावाची मुलगी घरच्या लग्नासाठी अमेरिकेहून आली होती. बोलता बोलता म्हणाली, तिकडे ह्याच महिन्यात थँक्सगिव्हिंग असतं, घरोघर अख्खी टर्की भाजतात. ती नुसतं सांगत होती, मागत नव्हती. मी मात्र "एवढंच ना? आपण करू" म्हणून मोकळा. टर्की म्हणजे मोठी कोंबडी, असा माझा हिशोब.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं, म्हणजे त्या साली २४ तारखेला. मी टर्की सांगून ठेवली, इसार दिला, चार मित्रांना आवतण दिलं आणि सगळं झाल्यावर घरात सांगितलं. बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा. पहिला गुरुवार. त्या दिवशी घट मांडायचा, महालक्ष्मीची पूजा करायची, कहाणी वाचायची, संध्याकाळी उपास सोडायचा.

"त्या दिवशी तुम्ही ह्या घरात कोंबडं भाजणार?"

"कोंबडं नाही, टर्की," मी म्हणालो. हे म्हणायला नको होतं.

निकाल असा लागला की रविवारी, २७ तारखेला, मळ्यात जायचं आणि घरातलं एकही भांडं न्यायचं नाही. तिच्या छोट्या ओव्हनचं नाव काढायचीही सोय उरली नाही, त्यात ती नानकटाई करते. आई तर महिनाभर पाळते, ती माझ्याशी त्या विषयावर बोललीच नाही. नंतर कधीतरी गुपचूप तो ओव्हन मोजला. टर्की त्यात मावलीच नसती. म्हणजे परवानगी मिळाली असती तरी फजिती ठरलेलीच होती.

टर्की आणली ती नर, जिवंतपणी आठ किलो. शेपटी पसरून अंगणात ऐटीत फिरत होती आणि घडीघडीला मानेचा रंग बदलत होती, लाल, पांढरा, निळसर. ते पाहून मला शाळेत असल्यासारखी माहिती सांगायची हुक्की आली. हा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. १६१२ साली मुकर्रब खानानं गोव्याहून काही दुर्मीळ जिनसा जहांगीर बादशहासाठी नेल्या, त्यात हा होता. बादशहानं त्याच्या ह्या रंग बदलण्याचं वर्णन आठवणींत लिहून ठेवलं आणि मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे तेव्हा मलिक अंबर खडकी वसवून दोनच वर्षं झाली होती आणि ह्याच बादशहाच्या फौजांशी लढत होता. पुतणी म्हणाली, इंग्रज ह्याला तुर्कस्तानचा म्हणतात आणि तुर्कस्तानात ह्याला 'हिंदी' म्हणतात. पोर्तुगीज 'पेरू' म्हणतात, असं मी वर चढवलं. एवढ्या ज्ञानाच्या गप्पा झाल्या, पण ही भाजायची कशी, हे मी तिला एका शब्दानं विचारलं नाही.

रविवारी सकाळी टर्की चिकनच्या दुकानात दिली. "तुकडे किती?" असा प्रश्न आला तेव्हा मी ओरडून "अख्खी!" म्हणालो आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत आलो तर टर्की अख्खीच होती, पण सोललेली. ब्रॉयलर सोलतात तशी. त्याची काही चूक नाही, "कातडं ठेव, पिसं फक्त काढ" हे सांगायचं काम माझं होतं. अख्खा पक्षी भाजायचा तर कातडं हेच त्याचं पांघरूण. त्याच्याखालची चरबी वितळून मांसावर उतरते. ते गेलं की छातीचं मांस, जे आधीच कोरडं, ते उघडं पडतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी म्हणालो, बरं झालं, मसाला आत जाईल.

मसाला आत गेला नाही. सहा किलोच्या आसपासचा ऐवज, त्याला मी आमच्याच शेतातल्या अद्रकाचं आणि लसणाचं वाटण, मीठ, तिखट, गोडंतेल चोपडलं आणि तासाभरात विस्तवाकडे नेलं. गावरान कोंबडी सकाळी कापून दुपारी खाता येते, कारण ती रश्श्यात दोन तास शिजते. जीव गेल्यावर काही तास मांस आखडतं. ते एक रात्र थंडीत ठेवावं लागतं आणि मीठही आदल्या दिवशी लावावं लागतं, तरच ते आतपर्यंत उतरतं. पोटात मी अर्धाकच्चा मटार-भात कोंबला होता. त्याबद्दल जास्त बोलत नाही; शेवटी तो भात कुत्र्यालाही घातला नाही.

विस्तवाचं मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण तिथे माझी चाळीस वर्षांची कमाई गेली. हुरड्याची आगटी मी लहानपणापासून लावतो. तसाच खड्डा घेतला, विटांवर जाळी ठेवली, जाळीवर टर्की, वरून भाड्यानं आणलेलं मोठं पातेलं पालथं. चारी बाजूंनी मागच्या सालच्या पऱ्हाट्या रचल्या आणि पेटवल्या. पऱ्हाटी भडकते, निखारा धरत नाही. जाळ पुरुषभर उंच गेला, मित्रांनी टाळ्या पिटल्या, आणि दहा मिनिटांत राख. पुन्हा पऱ्हाट्या, पुन्हा जाळ, पुन्हा राख. असं तासभर चाललं. हुरड्याला गोवऱ्यांची धग लागते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण गोवऱ्या हळू, आणि मंडळी भुकेली.

पुतणी जवळ आली. "काका, थर्मामीटर आहे का?"

"कुणाला ताप आलाय?"

ती हसली नाही. म्हणाली, मांडीच्या जाड भागात टोचून बघतात, ७४ अंश झालं म्हणजे शिजलं. एवढ्या वजनाला तिकडे १६५ अंशांच्या ओव्हनमध्ये साडेतीन तासांच्या आसपास लागतात. मी म्हणालो, आपण बोटानं बघतो. पातेलं उचललं. बाहेरून टर्की कोळशासारखी काळी, लसूण जळून कडू. "तिकडे स्मोक्ड म्हणतात ना, तसं केलंय," मी सांगितलं. हे खोटं मी पुतणीकडे न बघता बोललो.

आणि लगेच सुरी घातली. पंधरा-वीस मिनिटं थांबलं तर रस मांसात टिकतो. माझा सगळा जाळीवरून मातीत गेला. छातीचं मांस सुतळीसारखं सुटत होतं. मांडी कापली तर हाडाशी लालभडक. एकाच पक्ष्यात जळालेलं आणि कच्चं, दोन्ही. कुणी काही बोलेना. एक मित्र आभाळाकडे बघत होता.

मग जे येतं ते केलं. काळा भाग खरवडून तुकडे पाडले, पातेलं सुलटं केलं आणि ह्या खेपेला बाभळीची लाकडं लावली. शेजारच्या मळ्यातल्या वहिनींनी कांदा-खोबऱ्याचं वाटण दिलं, बाजरीच्या भाकरी थापल्या आणि वाटीभर येसर दिलं. दीड तास झाकण न काढता शिजवलं, शेवटी येसर कालवून लावलं. पुतणी रस्सा भुरकत म्हणाली, तिकडेही भाजताना खाली उतरलेल्या रसाला पीठ लावून ग्रेव्ही करतात, म्हणजे हे येसरच झालं. मग हळूच म्हणाली, "तिथेही पुष्कळ घरांत टर्की कोरडीच होते, काका. म्हणून तर ग्रेव्ही." हे तिनं खरं सांगितलं की माझं मन राखलं, मी विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. बायकोनं दारातच आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. "कशी झाली?"

"रस्सा चांगला झाला."

"रस्सा?" एवढंच ती म्हणाली.

पुढच्या साली मी शहाणा झालो होतो. मांसात टोचायचा थर्मामीटर मागवला. मांड्या वेगळ्या, छाती वेगळी भाजायची, म्हणजे दोघांना आपापला वेळ देता येतो, हे वहीत लिहून ठेवलं. दिवाळीआधीच गोवऱ्या राखून ठेवल्या. आणि इसार द्यायच्या आधी, ह्या खेपेला स्वतःहून, कॅलेंडरचं पान उलटलं. २०२३, नोव्हेंबर, चौथा गुरुवार, तारीख २३.

कार्तिकी एकादशी.