धार आणि अमानत

भांडगावात आमच्या घराची ओळख शिकलगार अशी. हा शब्द अरबी 'सैकल'वरून आला. सैकल म्हणजे घासून चकाकी आणणे. पूर्वी आमचे लोक तलवारी घासत. आता पुणे-सोलापूर रस्त्यालगत आम्ही उसाचे कोयते, शिंप्यांच्या कात्र्या आणि बकरी ईद जवळ आली की घरोघरच्या सुऱ्या घासतो.

आजोबांचे चाक कुरुंदाची पूड लाखेत कालवून केलेले होते. आमच्या हातात विजेचे ग्राइंडर आले, पण वस्तू ओळखून दगड लावायचे कसब तेच राहिले. पोलादाला ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक लागते. बिडाला, फरशीला, काचेला सिलिकॉन कार्बाइडचे. ॲल्युमिनियम साध्या चाकावर धरले तर ते दगडाच्या छिद्रांत भरते आणि चाक कापेनासे होते. सुरीचे पाते निळे पडले की समजावे, पोलादाचे पाणी उतरले. म्हणून थोडे घासावे, पाण्यात बुडवावे, पुन्हा घासावे. शेवटचा हात ओल्या दगडावर.

जबह करताना सुरी तेज असावी, जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, ही हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह मुस्लिममध्ये आली आहे. त्यामुळे ईदच्या आधीचे हे काम आम्हाला नुसता धंदा वाटत नाही.

जनावराची एवढी काळजी घेणारा दीन कारागिराच्या डोळ्यांची काळजी कशी सोडेल? तरीही मोठी चकती बसावी म्हणून ग्राइंडरचे गार्ड काढणारी तरुण मुले आम्ही रोज पाहतो. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती फुटू शकते. आमच्याकडे मुलांना आधी हेच शिकवतो: मर्यादा वाचा, मुदतीची तारीख वाचा, चष्मा लावा. बाकावरच्या यंत्राचे दगडी चाक बसवण्याआधी लाकडी मुठीने हलके ठोका. मडक्यासारखा खणखणीत नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तडा आहे. फरशी घासताना पाणी सोडा, कारण दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात कायमची बसते.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. चष्मा खुंटीला टांगून 'अल्लाह मालिक' म्हणणे म्हणजे तवक्कुल नव्हे. आधी उंट बांधावा, मग भरवसा ठेवावा, हेच आपल्याला शिकवले आहे.

वाचकांना एक विनंती. यंदा सुऱ्या ईदच्या आठ दिवस आधी धारेला द्या. गार्ड निघते ते बहुधा ईदच्या आदल्या रात्रीच्या घाईतच.