माउस कोणाच्या हातात?

लांबच्या माणसाला फोनवरून कॉम्प्युटर शिकवणं कठीण. "डाव्या कोपऱ्यात बघ" म्हणावं, तर समोरच्याचा स्क्रीन हिब्रूत असतो आणि तेच बटण उजव्या कोपऱ्यात बसलेलं असतं. अशा वेळी स्क्रीन शेअर करणं कामी येतं. एकाचा स्क्रीन दुसऱ्याला आपल्या घरी दिसतो, आणि परवानगी दिली तर तो तिथला माउसही चालवू शकतो. ही कल्पना आजची नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत माउस लोकांना दाखवला. त्याच कार्यक्रमात, दूर मेन्लो पार्कला बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच स्क्रीनवरच्या मजकुरावर कामही करून दाखवलं.

अश्दोदच्या एक आजी आणि बेर शेव्हात शिकणारा त्यांचा नातू यांना ही सोय एका वहीसाठी लागली.

वही आजींच्या आईची. अलिबागकडून इस्राएलला येताना कपड्यांच्या घडीत ठेवून आणलेली. मेंदीच्या रात्री, लग्नात, मलिद्याच्या वेळी बायका म्हणायच्या ती गाणी तिच्यात शाईनं लिहिलेली आहेत. आता शाई फिकी झाली आहे आणि कागद घडीवर तुटतो. घरात मराठी सगळ्यांना समजतं, पण देवनागरी वाचणाऱ्या आजी एकट्याच, आणि त्यांचीही नजर अंधूक होत चालली आहे. मुलांनी पानांचे फोटो काढून ठेवले होते. पण जे वाचताच येत नाही त्याचा फोटो काय कामाचा? म्हणून गाणी टाईप करायची आणि खाली हिब्रू अक्षरांत उच्चार लिहायचा, असं ठरलं. दर गुरुवारी रात्री दोघं झूमवर बसू लागले.

पहिल्या गुरुवारी नातवानं आजींच्या स्क्रीनचा ताबा मागितला, आजींनी होकाराचं बटण दाबलं. बाण आपोआप पळू लागला. मराठी कीबोर्ड आला, नवी फाईल उघडली, अक्षरं मोठी झाली. दहा मिनिटांत सगळं तयार. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी एकट्या बसल्या, तर फाईल कुठे आहे हेसुद्धा त्यांना सापडेना.

पुढच्या गुरुवारी त्या म्हणाल्या, "अरे, आईनं मला अक्षरं शिकवली तेव्हा माझा हात धरला होता. पण पेन्सिल माझ्याच बोटांत होती. तू तर पेन्सिलच घेऊन जातोस."

"पण आजी, मी केलं तर पटकन होतं ना."

"पटकन तुझं होतं. माझं राहून जातं."

तेव्हापासून दोघांनी एक रीत पाळली. नातवानं फक्त बघायचं आणि तोंडानं सांगायचं. आजी फारच अडल्या तर ताबा मागायचा, एकदा करून दाखवायचं, मग केलेलं पुसून माउस परत द्यायचा. तीच गोष्ट आजींनी आपल्या हातानं करायची. दाखवणं आणि ताबा देणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हेही नातवानं समजावून सांगितलं. पहिली दिली म्हणून दुसरी द्यावी लागत नाही. आणि बँकेचं नाव सांगून कुणी अनोळखी माणसानं फोन करून स्क्रीन मागितला, तर फोन ठेवायचा.

काम हळू झालं, पण आजींच्या हाताला वळण पडलं. मराठीची ओळ उजव्या कडेला जाऊन बसली, तर डाव्या बाजूचे कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबायचे, हे त्यांना पाठ झालं. 'मलिदा' शब्दानं मात्र बरेच दिवस छळलं. आजी ल च्या आधी वेलांटी दाबत आणि ती आधीच्या म ला चिकटून बसे. नातवाला कारण कळेना, कारण त्यानं देवनागरी हातानं कधी लिहिलीच नव्हती. कारण आजींनीच शोधलं. हातानं लिहिताना पहिली वेलांटी आधी काढतात, मग अक्षर. कीबोर्डवर आधी अक्षर, मग वेलांटी. एवढाच फरक.

तिथून शिकवणं दोन्ही बाजूंनी सुरू झालं. अर्धा तास आजींचा स्क्रीन, अर्धा तास नातवाचा. नातू ऐकून टाईप करतो, आजी अश्दोदमधून त्याची ओळ बघतात. हिब्रूत ळ नाही, त्यामुळे तो 'बाळ'चं 'बाल' करतो. सुरुवातीला आजी ताबा मागून चूक चटकन सुधारून टाकत. मग त्यालाही आजींचेच शब्द आठवले. तो हसून म्हणाला, "आजी, पेन्सिल." आजींनी माउस सोडला. आता त्या फक्त तो शब्द पुन्हा म्हणतात, जीभ टाळ्याकडे वळवून, तो ळ लिहीपर्यंत.

आतापर्यंत अकरा गाणी टाईप झाली आहेत. बाराव्या गाण्याच्या पानावर कधीतरी पाणी सांडलं होतं, तिथल्या दोन ओळी कुणालाच वाचता येत नाहीत. आजींना त्या चालीवर आठवतात, नुसत्या बोलायला गेलं की आठवत नाहीत. म्हणून गेल्या गुरुवारी त्यांनी डोळे मिटून गाणं म्हटलं आणि नातवानं आपल्या स्क्रीनवर ते उतरवून घेतलं. दोन जागी तो थांबला, खोडलं, पुन्हा लिहिलं. आजींनी डोळे उघडून ओळी वाचल्या. एका जागी मात्रा राहिली होती. त्यांनी ताबा मागितला नाही. तीच ओळ पुन्हा म्हटली, थोडी सावकाश.