डबी, पुरावा आणि पुढची तारीख

६ डिसेंबरला दादरला उतरायचे आणि चैत्यभूमीकडे चालू लागायचे, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. गेले दीड वर्ष मात्र दर दोन-तीन महिन्यांनी मी बोईसरहून निघतो, दादरलाच उतरतो आणि परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो. कर्करोगामुळे माझ्या जिभेचा काही भाग आणि मानेतील गाठी काढल्या आहेत.

चिंचणीत अनेकांनी समजूत घातली, "सर, शेजारीच तारापूरचे अणुकेंद्र. तुमचा काय दोष?" केंद्र १९६९ पासून आहे, हे खरे, पण इतिहासाच्या शिक्षकाने सोयीचे कारण पुरावा म्हणून स्वीकारू नये. माझा पुरावा माझ्याच खिशात होता : तंबाखू-चुन्याची डबी. सकाळच्या वंदनेत मुलांसोबत पंचशील म्हणतानाही ती खिशातच असे. ज्या विद्यार्थ्यांना मी कधी टपरीवरून पुडी आणायला पाठवले, त्यांची आज या स्मरणिकेतून क्षमा मागतो.

हा रोग उलटलाच, तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, असे डॉक्टर सांगतात. तेव्हापासून साधे तोंड आले तरी झोप उडते. गेल्या पावसाळ्यात जिभेच्या कडेला जखम दिसली. आरसा आणि बॅटरी घेऊन मी ती रोज पाहत होतो. घरात मात्र चार दिवस बोललो नाही. शेवटी पत्नीनेच विचारले, "अहो, घास एकाच बाजूने का चावता?" दुसऱ्याच दिवशी आम्ही परळ गाठले. दाताची धारदार कड जिभेला लागत होती. ती घासून घेतली, जखम भरली.

भीती गेली नाही. पण ती लपवली की तपासणी लांबते, एवढे कळले. आपणही लक्षात ठेवावे : तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवावा. खिशात डबी असेल, तर आजच टाकावी.

माझे उच्चार आता स्पष्ट नाहीत. परवा वर्गात एक मुलगा उठून म्हणाला, "सर, कळलं नाही, परत सांगा." मी परत सांगितले. त्याने दया दाखवली नाही, प्रश्न विचारला, याचे समाधान वाटले.

पुढची तपासणी ५ डिसेंबरला आहे. निकाल काहीही येवो, रात्री दादरलाच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी चैत्यभूमीवर जाणार आहे.