फोटोशॉप उघडताना दिसणारी नावं

पंधरा-वीस वर्षांपूर्वी उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, डीटीपीच्या दुकानात काम करताना लग्नसराईत माझा बराच वेळ फोटोशॉप उघडण्याची वाट पाहण्यात जायचा. आधी एक चित्र यायचं, त्यावर बारीक अक्षरांत काय चाललंय ते सरकायचं. मराठी, उर्दू, इंग्रजी अशा तिन्ही पत्रिका करणाऱ्या दुकानात फॉन्ट भरमसाट, त्यामुळे उशीरही जास्त. मागून गिऱ्हाईक विचारायचं, "भाई, अबी तक खुल्या नै?"

ते चित्र आपल्याला थोपवून धरण्यासाठीच असतं. प्रोग्राम मेमरीत यायला वेळ लागतो. तोवर पडद्यावर काहीच हललं नाही, तर माणूस पुन्हा पुन्हा क्लिक करतो. काम किती झालं हे दिसत राहिलं तर वाट पाहणं सुसह्य होतं, हे ब्रॅड मायर्स या संशोधकाने 1985 सालीच दाखवून दिलं होतं.

माझी नजर मात्र त्यावरच्या नावांवर असायची. थॉमस नोल आणि जॉन नोल, फोटोशॉप घडवणारे दोघे भाऊ. त्याच यादीत सीतारामन नारायणन. हा भारतीय इंजिनिअर जगभरच्या डिझायनरांना माहीत झाला तो या पडद्यामुळेच. दुकानात शिकायला येणारी पोरं बहुतेक मिस्त्री, दर्जी, हमालांची. ते नाव वाचून एकाने विचारलं होतं, "ये अपने इधर का है क्या?" सॉफ्टवेअर नुसतं चालवायचं नसतं, ते कुणीतरी बनवतं आणि तो आपल्यासारखाही असू शकतो, हे त्याला कुठल्या क्लासात कळलं नव्हतं.

आपल्याकडे घर बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव भिंतीवर नसतं. उर्दू पत्रिकेतलं नूरी नस्तालीक मिर्झा अहमद जमील यांच्या हातचं. हजारो जोडाकार हाताने लिहून त्यांनी 1981 मध्ये ते संगणकावर आणलं आणि त्याला वडिलांचं, नूर अहमद यांचं नाव दिलं. दावतनामा वाचणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

आता एसएसडीमुळे तो पडदा लुकलुकून जातो. काम लवकर होतं, हे चांगलंच. पण तुमच्या दुकानात एखादं पोर शिकत असेल, तर कधीतरी निवांतपणे फोटोशॉपच्या मेनूतलं 'अबाउट' उघडा. बनवणाऱ्यांची नावं सावकाश वर सरकत जातात. त्याला ती वाचू द्या.