थंडीतलं पळणं
बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा बऱ्याचदा १० अंशांखाली उतरतो. धानकापणी उरकलेली असते, बांध्यांवर धुकं असतं. पळायला खरं तर हाच काळ बरा: स्नायूंतली उष्णता थंड हवा झटकन ओढून घेते, त्यामुळे उन्हाळ्याच्या मानाने थकवा उशिरा येतो. अडचण सुरुवातीचीच. आखडलेलं अंग भरभर चालून मोकळं केल्याशिवाय वेग घेऊ नये. कोरड्या गार हवेने श्वासनलिका आकसतात, दमेकऱ्यांना धाप लागते. नाकावर रुमाल असला की हवा जरा ऊबदार होऊन आत जाते. सैन्यभरतीच्या १.६ किलोमीटर धावेसाठी जाड स्वेटरात सराव करणं मात्र वेडेपणाच. आतला सुती बनियन घामाने भिजतो आणि थांबताच हुडहुडी भरते. तहान लागत नाही, तरी पाणी प्यावंच लागतं.