“परवास न्हाय, मेंढरं चारली”

माणदेशात पाऊस कमी, त्यामुळे माणसाला चालणं जास्त. दिवाळीनंतर इथले कितीतरी मेंढपाळ कळप घेऊन घाट उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. आम्ही मुलाणी. अब्बांचा या लोकांशी बकऱ्या-मेंढ्यांचा जुना व्यवहार, म्हणून कोण परतलं, कोण आजारी, हे आमच्या ओट्यावर आधी कळतं.

एका उन्हाळ्यात असाच परतलेला एक म्हातारा तापानं फणफणला. दवाखान्यात विचारलं, “बाबा, कुठं प्रवास केला होता का?” तो म्हणाला, “परवास न्हाय, मेंढरं चारली.” टायफॉईड समजून औषध सुरू झालं. पाचव्या दिवशी तळहात-तळपायांवर लाल पुरळ उठलं. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “रानात कुठं मुक्काम होता? गोचीड चावली का?” कमरेशी काळी खपली सापडली. डॉक्सीसायक्लिन सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांत ताप उतरला.

गोचीडतापाचे जंतू, रिकेट्सिया, आपल्या पेशींच्या आत राहतात. पेनिसिलिन त्यांच्यावर चालत नाही. डॉक्सीसायक्लिन चालतं आणि ते स्वस्तही आहे. तपासणीच्या निकालाची वाट न बघता, संशय आला की डॉक्टर ते सुरू करतात. उशीर जिवावर बेतू शकतो.

पण गोचिडीचा प्रत्येक ताप या गोळीनं जात नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात पोचला. तो विषाणूचा आजार. त्यावर नेमकं औषध नाही. शरीरातलं पाणी टिकवणं आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणं हाच उपचार. म्हणून माणूस कुठल्या रानातून आला, हे डॉक्टरांना कळायलाच हवं.

हा प्रश्न आमच्या घरापर्यंतही येतो. २०११ मध्ये गुजरातेत आढळलेला क्रिमियन-काँगो ताप गोचिडीतून पसरतो, तसा बाधित जनावराच्या रक्तातूनही. बकरी ईदला सुरी हातात घेण्याआधी हातमोजे घालावेत, जनावराच्या अंगावरची गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नये.

माणसाला चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल नको, बिडीचा चटका नको. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांनी विचारो न विचारो, मुक्कामाची गावं आपणच सांगावीत. मेंढरांमागं चालणं हाही प्रवासच आहे.